रुतलेली कडी

प्रिय मकर,

संक्रांतीला एकमेकींना गूळ-खोबऱ्याचे ओले तांदूळ भरवून आपण मैत्रिणी झालो, त्या दिवसापासून आपण दोघी एकमेकींच्या 'मकर', मी तुला नावानं हाक मारलेली नाही. मकरनं मकरपासून काही लपवायचं नसतं. मी सतरा वर्षं लपवलं. तू समोर आलीस की मी भलतंच काही बोलत बसते, म्हणून घर शेजारी असूनही कागद घेतलाय.

तुझी मिनती आठवते? काय विचारतेय मी! दहा महिन्यांची होती. तापात तुझं दूध आटलेलं, आणि पखाळाच्या, रात्रभर भिजवलेल्या भाताचं नुसतं पाणी पिऊन तिचं पोट टम्म. जन्मल्यावर एकविसाव्या दिवशी तुझ्या सासूनं घातलेली काशाची कडी पायांत रुतायला लागली, तेव्हा म्हातारी गावभर सांगत सुटली, "कडी अडकली बघा, नात बाळसं धरतेय! दृष्ट नका लावू गं." आपल्याकडे पोरं काट्यावर नाही, कड्यांवर मोजतात.

मी अंगणवाडीत नवी होते. पायावर अंगठा दाबून बघायचा, एवढं शिकवलेलं होतं. मी दाबला. उचलला तरी खळगा तसाच राहिला. ते बाळसं नव्हतं, सूज होती. अंगात अन्न नाही म्हणून पाणी भरलेलं. पण तपासणीच्या बाई आल्या होत्या, "तुझं गाव सगळं हिरवं, एकही पोर कमी वजनाचं नाही" म्हणत चारचौघींत माझी पाठ थोपटत होत्या. मी सुजेसकट, कड्यांसकट वजन घेतलं आणि तक्त्यावर हिरवं टिंब काढलं. पुढच्या महिन्यात बघू म्हटलं. मिनतीला पुढचा महिना आलाच नाही.

सासू तुला म्हणाली, "हिच्या दुधातच पाणी." तू मान खाली घालून ऐकलंस, आणि मी शेजारी बसून तुझी पाठ चोळली. तो खळगा अजून माझ्या अंगठ्याखाली आहे. भाताचा घास वळतानाही दिसतो.

काल तू थोरल्याच्या पोराला, तुझ्या नातवाला घेऊन आलीस. पायांत तीच कडी. हसून म्हणालीस, "बघ मकर, रुतायला लागली. भरलाय ना माझा राजा?" मी दाबून बघितलंच नाही. दाबलं असतं तर तू विचारलं असतंस, मिनतीच्या वेळी दाबलं होतंस का? मी हिरवं टिंब काढलं. दुसऱ्यांदा.

आहेस तिथेच पत्र ठेव आणि त्याच्या पायावर अंगठा दाब. खळगा राहिला तर कडी कापून टाक, पहिल्या गाडीनं त्याला दवाखान्यात ने. मिनती तुझ्या दुधानं गेली नाही गं. माझं तोंड नंतर बघ, नाहीतर बघूच नकोस.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
मकर