बाबांना गावी का नेलं नाही

प्रिय इल्सिया,

बाबांना गावी न नेता इथे चेल्नीतच का दफन केलं, असं तू फोनवर विचारलंस आणि मी नुसतं ‘हं’ केलं. रागावू नकोस गं. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं ते. हल्ली मला रडूही येत नाही. शेजारची क्लावा येते, बळेच चहा पाजते, म्हणते, “नाईला, दोन टिपं गाळ की बाई!” कुठून गाळू?

तुझे मिदखातकाका गावाहून गाडी घेऊन आले होते. आजीच्या कबरीशेजारी जागा राखलेली, गोठलेली माती शेकोट्या लावून उकरलेली. “वहिनी, आमचा भाऊ आमच्याच मातीत जाईल. तुमच्या या कारखान्याच्या शहरात आहे काय? मूळ तरी आहे का कुणाचं इथे?” खोटं नव्हतं ते. आम्ही आलो तेव्हा इथे कामा नदी, क्रेन आणि चिखल. सगळे विशी-बाविशीचे. रस्त्यात एखादी म्हातारी दिसली तर पोरं वळून वळून बघायची. लग्नाला मी रबरी बूट घालून गेले, पांढरे बूट बाबांच्या काखेत. मरायला कुणाला सवडच नव्हती. पुढे माणसं जायला लागली, तेव्हा ज्याला त्याला दफनासाठी आपापल्या गावी पोचवायची रीत पडली. पाळीवरचे दोस्त गाडी मिळवून द्यायचे, आपण निरोप देऊन परत फिरायचं. बाबाही जन्मभर म्हणायचे, “आपण काय, चार दिवसांचे पाहुणे.” दर वर्षी बटाटे काढायला गावी. मला मेलीला धड पडदेसुद्धा घेऊ दिले नाहीत.

दवाखान्यात शेवटी शेवटी त्यांना भान नव्हतं. नर्सने विचारलं, “आजोबा, कुठले तुम्ही?” मला वाटलं, आता गावाचं नाव घेणार. तर म्हणाले, “सत्तावीस, बारा.” भेटायला आलेल्या काकांनी कपाळावर हात मारला. “गेलं डोकं! आकडे बडबडतोय.” त्यांना काय कळणार? इथे रस्त्याच्या नावाने पत्ता सांगतंय कोण! आधी वसाहतीचा आकडा, मग इमारतीचा, झालं. नर्स इथलीच. ती म्हणाली, “अय्या, आमच्या शेजारचेच की!”

म्हणून मी काकांना नाही म्हटलं. त्यांनी मला नाही नाही ते ऐकवलं आणि रिकामी गाडी घेऊन गेले. सातव्या दिवसाच्या जेवणालाही फिरकले नाहीत. शेवया मी आणि क्लावानेच केल्या.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पीटर्सबर्गला तू माझ्यासाठी खोली रंगवून ठेवली आहेस, या घराला गिऱ्हाईकही बघितलं आहेस, हे जावईबापूंनी सांगितलं. पोरी, मी येत नाही. तिकडे गावी त्यांना आई होती, वडील होते, सगळा गोतावळा होता. त्यातून काढून त्यांना इथे ठेवून घेतलं ते मी. मीच निघून आले तर इथे त्यांचं कोण? गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांग.

तुझीच,
आई