ताईचा पट्टा आणि मेहुण्याचा पट्टा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात धर. आठांपैकी निम्मी अंगं सध्या पट्ट्यांत अडकलेली आहेत.) तुझा गुडघा काय म्हणतो, भावोजींची साखर कुठवर आली, गॅलरीतल्या कबुतरांनी शेवटी जागा सोडली की नाही, सगळं सविस्तर कळव. अक्षर बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, म्हणजे मानेच्या वर आणि खांद्याच्या खाली. डॉक्टरांनी खाली बघायला बंदी केली आहे, म्हणून मी खिडकीकडे तोंड करून बोलतोय आणि तुझी भावजय लिहून घेतेय. तिला बजावलंय की मी बोलेन तेवढंच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. (कबूल. – लिहिणारी)

तर झालं असं, की तू पाठवलेला मानेचा पट्टा सकाळी पोचला आणि त्याच संध्याकाळी माझा मेहुणा खांद्याचा पट्टा घेऊन दारात उभा. आता तू म्हणशील, दोन आले तर बिघडलं काय. ताई, तू या घरात राहत नाहीस म्हणून असं म्हणतेस. तुझा घालावा तर इथे दोन दिवस चहा कपात कमी आणि बशीत जास्त येतो. मेहुण्याचा घालावा तर तुझा फोन येतो आणि तू पहिलाच प्रश्न विचारतेस, घातलायस ना रे? मी डॉक्टरांना विचारलं, दोन्हीतला कुठला? त्यांनी उलट मलाच विचारलं, दिवसातून किती वेळ खाली बघता? मी म्हटलं, साहेब, छापखान्यात प्रुफं तपासतो, एकतीस वर्षांत वर बघायचं कारणच पडलं नाही. त्यावर त्यांनी लांब श्वास सोडला आणि म्हणाले, कुठलाही एक घाला, पण एकच, तोही थोडे दिवस, आणि बसायची पद्धत बदला. हे शेवटचं वाक्य सगळ्यात सोपं असल्यासारखं बोलले. उजव्या हाताला जरा मुंग्या येतात तेही सांगितलं, ते सोड.

पहिल्यांदा तुझाच पट्टा घातला, शपथेवर सांगतो. पण भावोजी शिडीवरून पडले तेव्हा त्यांच्यासाठी घेतलेला तो, आणि भावोजींची मान म्हणजे मान आहे. माझी हनुवटी त्यात बुडाली. बाहेर फक्त नाक आणि चष्मा. रस्त्यावर शेजारच्या पोस्टमास्तरांनी थांबवून हळहळून विचारलं, कुठे झाला हो अपघात? मी म्हटलं, टेबलावर. बिचारे सोबत चालत आले पार छापखान्यापर्यंत, वाटेत दोनदा माझा हात धरला. आत गेल्यावर कळलं की या पट्ट्यातून टेबल दिसतच नाही. समोरची भिंत दिसते, भिंतीवरचं घड्याळ दिसतं, आणि घड्याळाखाली मालक उभे असले तर तेही दिसतात. प्रुफं तेवढी दिसत नाहीत. मग मी ती दोन्ही हातांनी उचलून डोळ्यांसमोर धरून वाचू लागलो. इथूनच पुढचा सगळा घोटाळा सुरू झाला.

तुला आमची पद्धत सांगायला हवी. मशीन सुरू झालं की बोललेलं कानाशीही ऐकू येत नाही, त्यामुळे आमचं सगळं खुणांवर चालतं. पहिला छापील कागद मशीनमन माझ्याकडे पाठवतो आणि तिकडून काचेतून बघत राहतो. मी मान आडवी हलवली की मशीन बंद. मान हलली नाही म्हणजे चालू दे. आणि दोन्ही हात वर केले म्हणजे वेग वाढव. एकतीस वर्षं हे बिनबोभाट चाललंय, नव्या माणसालाही अर्ध्या तासात येतं. त्या दिवशी पोहण्याच्या क्लबाची स्मरणिका छापायला लागली होती. कागद डोळ्यांसमोर धरला आणि माझं पाणी पाणी झालं. नव्या अध्यक्षांचा हसरा फोटो श्रद्धांजलीच्या पानावर, आणि गेल्या वर्षी वारलेले खजिनदार 'आमचे नवे अध्यक्ष' म्हणून त्याच्या समोर. मी मान हलवली. म्हणजे मी आतून हलवली, पण तुझ्या पट्ट्याने ती बाहेर येऊच दिली नाही. डोळे तेवढे इकडून तिकडे फिरले. मशीनमनला काय दिसलं? मान स्थिर, म्हणजे चालू दे. आणि दोन्ही हात कागद धरून वर, म्हणजे वेग वाढव. भला माणूस तो, त्याने वाढवला. मी आणखी जोरात हात नाचवले, त्याने आणखी वाढवला. मी धावत त्याच्यापर्यंत पोचायला निघालो तर वाटेतलं स्टूल दिसलं नाही, कारण ते खाली होतं.

दोन हजार प्रती, ताई. अध्यक्ष स्वतः आले, हातात स्मरणिका, आणि मालकांसमोरच्या खुर्चीत जिवंत बसून राहिले. दोन दिवस मालकांपासून झाडणाऱ्या बाईंपर्यंत सगळे गोंद घेऊन बसलो आणि फोटोवर फोटो चिकटवले. खजिनदारांच्या बायकोने मात्र एक न चिकटवलेली प्रत मागून नेली. म्हणाल्या, यांना एकदा तरी अध्यक्ष व्हायचं होतं. तेवढंच एक चांगलं झालं त्यात. पण मालकांनी मला आत बोलावलं. ओरडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, पहिल्या तारखेपर्यंत मानेचं काय ते एक ठरवा, नाहीतर प्रुफांचं टेबल सोडा आणि बांधणीत बसून पानं जुळवा. पानं जुळवणं वाईट काम नाही. पण ताई, मला तेवढं एकच काम येतं गं, चूक शोधायचं, आणि तेही काढून घेतलं तर मी घरी येऊन सगळ्यांच्या चुका शोधत बसेन. (ते आताही करतात. – लिहिणारी)

मग मेहुण्याचा पट्टा घातला. तो व्यायामशाळा चालवतो, त्यामुळे मनुष्य ताठ असला की सुखी असतो अशी त्याची समजूत आहे. (माझ्या भावाने सुट्टीचा दिवस घालवून आणून दिलाय हेही लिहिते. – लिहिणारी) हा पट्टा खांदे मागे खेचतो आणि छाती पुढे काढतो. आयुष्यात कधी काढली नव्हती ती छाती काढून मी मालकांच्या खोलीत शिरलो, फक्त हजेरीची वही बघायला, तर मालक खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि म्हणाले, हे बघा, शांतपणे बोलू. त्यांना वाटलं मी भांडायला आलोय. मशीनमनने तर मला वाट करून दिली. हे दोन मिनिटं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण टेबलाशी बसलो तर पेन्सिल कागदाच्या वीतभर अलीकडे थांबते. हात पुढे न्यावा तर पट्टा मागे ओढतो, आणि जरा सैल करावा तर चिकटपट्टीचा असा चर्रर्र आवाज होतो की शेजारी बसलेले कवी, जे स्वतःच्या संग्रहाची प्रुफं डोळे मिटून वाचत होते, त्यांना वाटलं मी कविता फाडली.

शेवटी दोन्ही घरांचा मान राखावा म्हणून एक दिवस दोन्ही एकदम घातले. त्या दिवशी मला स्वतःची चप्पल सापडली नाही, आणि सापडली तेव्हा घालता आली नाही. वैतागून पट्ट्यांच्या दुकानात गेलो. तिथे काचेत एक प्लास्टरचा माणूस आहे, दोन्ही पट्टे घातलेला, अगदी ताठ. त्याला डोकं नाही. दुकानदार म्हणाला, गिऱ्हाईक दोन्ही नेतं आणि दोन्ही कपाटात ठेवतं. मी त्या बिनडोक्याच्या माणसासमोर बराच वेळ उभा राहिलो. थकलोय गं मी. ठरवून ठरवून मान नाही तेवढं डोकं दुखायला लागलंय. आजही तुला पत्र लिहायचं म्हणून तुझा पट्टा घातलाय, आणि मेहुणा अचानक आला तर दुसरा दारामागच्या खुंटीला तयार आहे.

भावोजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. माझी काळजी करू नकोस, मी अगदी ताठ आहे.

तुझा धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. तुझा पट्टा तूच परत मागव. भावोजींना पुन्हा लागतोय असं काहीतरी लिही. तुझा गेला की त्याच दिवशी मी मेहुण्याचाही परत करीन, म्हणजे कुणालाच राग यायला नको. टेबलाचं बघू काय होतं ते.

ता. क. दुसरा. ताई, हे माझं आहे. पदरचं घालायचं नाही असं कबूल केलं होतं, पण हे आता तोंड धुवायला गेलेत. खाली बघायला बंदी डॉक्टरांनी केलेली नाही, कमी करा एवढंच म्हणाले. पत्र मी लिहितेय ते त्यांच्या हातात पेन ठरत नाही म्हणून. 'जरा मुंग्या' त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, पण काल घास हातातून पडला आणि माझ्याकडे न बघता त्यांनी डाव्या हाताने उचलला. मला फार भीती वाटली.

गेले दोन महिने ते प्रुफं घरी आणतात. मी ती भिंतीला चिकटवते, ते ताठ उभे राहून मोठ्याने वाचतात आणि सांगतील तिथे खुणा मी करते. सगळ्या खुणा आल्यात मला. तेवढा वेळ कुठलाच पट्टा लागत नाही आणि मान दुखली असं म्हणतही नाहीत. मालकांना सांगा, मीही येऊन टेबलाशी बसते, असं मी चारदा म्हटलं, तर लाज वाटते त्यांना, बायको हात धरून आणली म्हणतील. तुमच्या शब्दाबाहेर ते नाहीत. फोन करू नका, शेजारी बसून ऐकतात. पत्रच पाठवा, पहिल्या तारखेच्या आत, आणि नुसतं पट्टा परत कर म्हणून नाही, हिला छापखान्यात सोबत घेऊन जा म्हणून लिहा.

या घरातून त्यांनी तपासल्याशिवाय एक पत्र आजवर बाहेर गेलेलं नाही. हे जाईल. पाकीट टेबलावर ठेवलंय आणि तुमच्या पट्ट्यातून त्यांना टेबल दिसत नाही. माझ्या चुका असतील. खुणा करून परत पाठवा, मला शिकायचंय.