पहारेकऱ्याचं गाणं

१२ मार्च १९८५, ओम्दुरमान, सुदान

माझा गवई मित्र तिजानी आला, आल्याची कॉफी प्यायला आणि जाहीर करून मोकळा — गुरुवारी घरमालकांच्या इख्लासच्या लग्नात 'ते' गाणं म्हणणार! त्याच गाण्यापायी रेडिओने त्याला काढलं. पुन्हा म्हटलंस तर आत घालू, असं बजावलंय.

गाण्यात आहे काय? प्रियकर म्हणतो — पहारेकरी पेंगतोय गं, खिडकी उघड. बस्स! पण हा पहारेकरी म्हणजे खार्तूमच्या राजवाड्यातले राष्ट्राध्यक्ष, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आमच्या पाठशाळेत अन्योक्तीला दहा गुण मिळत. इथे तुरुंग मिळतो.

"दुसरं एखादं म्हण ना," मी म्हटलं.

"दुसरी ठेवलीत कुठे त्यांनी? आणि हिंदी, तू बातमीदार ना? लिही की! घाबरायचं ते मी बघतो." (इथे भारतीयाला 'हिंदी'च म्हणतात.)

१३ मार्च

साखरेच्या रांगेत हाज बाबिकर भेटले. इख्लासचे वडील, माझे घरमालक. मांजर आडवं आलं तरी सलाम करणारे. कानाशी लागले — "ठाणेदार येणार आहे मांडवात. चुटकी वाजवायला कोण उठतं ते बघणार म्हणे!"

इथली रीतच ती. गाणं भिडलं की उठायचं, गवयापाशी जाऊन हात उंच करून चुटकी वाजवायची. कुणीच उठलं नाही तर गवई एकटा. मग त्याला उचलायला कितीसा वेळ!

मला हिवताप झाला तेव्हा हाच तिजानी उशाशी बसून सूप पाजत होता. वर गातही होता. ताप कशाने उतरला, यावर आमचा शास्त्रार्थ अजून चालू आहे.

१४ मार्च

म्हटलं त्याने!

ठाणेदार पुढच्या रांगेत, पाठीला फळी बांधल्यासारखा. पहिलं कडवं — सगळे आपापल्या चपला न्याहाळतायत. तिजानीचा सूर कापला. आणि हाज बाबिकर उठले! गवयापाशी गेले, हात वर, चुटकी! बायकांनी जिभा हलवत आनंदाची आरोळी दिली. मागोमाग मी, तटस्थपणा खुर्चीवर राहिला. मग अख्खा मांडव.

दुसरं कडवं संपताच ठाणेदार उठला आणि तिजानीला दंड धरून घेऊन गेला.

१५ मार्च

अजून सोडलेला नाही. सगळी गल्ली ठाण्यासमोर बसलीय. लग्नातलं उरलेलं मटण घेऊन बाबिकर आले. "माझ्यामुळे झालं हो हे," म्हणाले. "हाजसाहेब, तुम्ही उठला नसता तर तो तिथेच मेला असता," शेजारचा शिंपी म्हणाला, "वाढा आता!" पहिला घास त्यांनी मला दिला. मी आभार मानले — मराठीत. कुणाला कळले नाहीत, तेच बरं.

१६ मार्च

सुटला! पण आवाज पार गेलेला.

"मारलं?"

त्याने नकारार्थी मान हलवली. घोगऱ्या आवाजात कुजबुजला, "ठाण्यात कुणालाच तिसरं कडवं येत नव्हतं. पाठ होईपर्यंत सोडेनात!"