सुरमईची खवलं

आई, आधीच सांगून टाकते, मी तुझ्यावर व्हिडिओ केलाय. लग्नात करतात तसला नव्हे गो. यात गाणी नाहीत, जेवणावळ नाही. काळोख्या खोलीत भिंतीवर चालतो, लोक उभ्याने बघतात आणि तोंड पाडून बाहेर येतात. तू असतीस तर विचारलं असतंस, "यांच्याकडे कोण गेलं काय?"

विषय तोच, तीस वर्षं घशात अडकलेला. मी नववीत. माझा विसरलेला डबा द्यायला तू मासळीबाजारातून पाटी डोक्यावर घेऊन थेट शाळेत आलीस. मैत्रिणींनी विचारलं, "कोण गं ही?" मी म्हटलं, "आमच्याकडे मासे घेऊन येते ती बाई." तू दोन पावलांवर. मला वाटलं, आता बसतोय पाठीत धपाटा. तू पाटी सावरलीस आणि म्हणालीस, "ताई, तुमच्या आईने डबा दिलान हो." घरी आल्यावरही त्यावर चकार शब्द नाही. त्यापेक्षा धपाटा परवडला असता.

म्हणून व्हिडिओत मी तुझं पातळ नेसून, तुझ्या पाटावर बसून, अख्ख्या सुरमईची खवलं काढते. चांगली अकरा मिनिटं! एकेक खवल म्हणजे माझी एकेक लाज. मुंबईत लोक रडले. मग मला खुमखुमी आली. म्हटलं, रत्नागिरीत हॉल घेऊन, खुर्च्या मांडून दाखवायचा, आणि तुझ्या बाजारातल्या बायकांना पहिल्या रांगेत बसवायचं. त्यांनी एकदा मला आपली म्हणावं, एवढंच हवं होतं.

व्हिडिओ सुरू होऊन दोनच मिनिटं झाली. मग बाजारात तुझ्या शेजारी बसायची ती काकी ओरडली, "अगो, सुरमयला खवलं असतात काय? गुळगुळीत मासा तो! काय खरवडतेस मघापासून?" दुसरी म्हणाली, "मेलाय म्हणून गप हाय बिचारा." सगळा हॉल फिदीफिदी हसतोय आणि मी भिंतीला चिकटून उभी. खरवडताना चंदेरी काहीतरी निघत होतं, मला वाटलं तीच खवलं!

दिवे लागल्यावर काकीने माझा हात धरला आणि अगदी मायेने विचारलं, "आईन तुला काय शिकवलान नाय गो?" दर रविवारी तू हाक मारायचीस, "ये, बस जरा बाजूला, बघ तरी," आणि मी नाकाला रुमाल लावून पळायचे. काकीला एवढंच सांगायचं होतं. पण व्हिडिओसाठी मुंबईहून आलेले माझे पाहुणे बाजूलाच उभे होते, आई. मी म्हटलं, "नाही हो काकी, तिला वेळच कुठे होता."