एक हात खिशात

३ तारीख, सोमवार

पोचले एकदाची. बसमधून उतरून चढ चढताना हत्यारांच्या पेटीने खांदा पार उतरवला, पण घर बघितलं आणि शीण गेला. मला वरची खोली दिली आहे. खिडकी आहे, पंखा आहे, आणि चक्क टेबल आहे! भावाच्या घरी मी इस्त्रीच्या फळीवर बसून कामं करते, तीही भावजयीला इस्त्री करायची नसेल तेव्हा.

घरमालकीण काकू. अख्खी गल्ली त्यांना काकूच म्हणते, मग मीही. चहा देताना त्यांनी साखर किती म्हणून विचारलं. मला हे कुणी विचारल्याला जमाना झाला.

काम तसं सोपं आहे. खाली पुढच्या खोलीत काकूंच्या थोरल्या मुलाचा चाळीस वर्षांपूर्वीचा होम कॉम्प्युटर आहे. कीबोर्डमध्येच सगळं यंत्र, टीव्हीला जोडायचं, त्यातला. त्याचा पॉवर सप्लाय, म्हणजे भिंत आणि यंत्राच्या मधला तो काळा ठोकळा, जळलाय. नवा बनवून द्यायचा. थोरला तरुणपणीच गेला, त्याच कॉम्प्युटरशी बसलेला असताना. धाकटा तिथेच शेजारच्या खोलीत असतो, त्याची तब्येत बरी नाही म्हणे.

हे काम भावाने मिळवून दिलं. माझं दुरुस्तीचं दुकान बंद झाल्यापासून पहिल्यांदाच त्याला माझी आठवण झाली. आज सूर्य कुठून उगवला होता ते बघायला हवं होतं.

४ तारीख, मंगळवार

ठोकळा करवतीने कापला. आत दगडासारखा कडक डांबरी लेप भरलेला. हे जुने ठोकळे मरताना नीट मरतही नाहीत. जाता जाता विजेचा जास्त दाब सोडतात आणि यंत्राला सोबत घेऊन जातात. आमच्याकडे काही नातेवाईक असे होते.

ज्यांच्या हाताखाली हे काम शिकले त्या उस्तादांनी मला दोन नियम शिकवले. पहिला, नवा सप्लाय थेट यंत्राला लावायचा नाही, आधी बल्बवर लावून बघायचा. दुसरा, चालू यंत्रात एकच हात घालायचा, दुसरा खिशात. दोन्ही हात लागले तर करंट एका हातातून शिरतो, छातीतून जातो आणि दुसऱ्या हातातून निघतो. म्हणून माझ्या प्रत्येक कुर्त्याला डावा खिसा असतो. शिंपी विचारतो, ताई, त्यात ठेवता तरी काय? मी म्हणते, डावा हात.

काकू दिवसभर शेजारी बसून थोरल्याबद्दल बोलत होत्या. तो किती हुशार, त्याने यंत्राला काय काय शिकवलं होतं. मी सहज विचारलं, धाकटे काय करतात?

"तो काय, आहेच," काकू म्हणाल्या.

आमची आई पाहुण्यांना भावाची प्रमाणपत्रं दाखवायची आणि कुणी माझी चौकशी केली की हेच म्हणायची, अगदी याच सुरात. मी हसले. पण त्यानंतरचा सोल्डरचा टाका कच्चा बसला, परत द्यावा लागला.

५ तारीख, बुधवार

नवा सप्लाय तयार झाला. बल्ब झकास पेटला, जराही लुकलुकला नाही. तो घेऊन पुढच्या खोलीत गेले, तर कॉम्प्युटर चालू.

मी दारातच थांबले. जुना ठोकळा माझ्या टेबलावर दोन तुकडे होऊन पडलाय, मीच कापलाय तो. काकू म्हणाल्या, तोवर काहीतरी सोय केली आहे. यंत्रातून निघालेली वायर भिंतीतल्या भोकातून धाकट्याच्या खोलीत गेली होती. मला वाटलं, तिकडे गाडीची बॅटरी ठेवली असेल. मीटर लावला. पाच व्होल्ट हवे, त्याला थोडे कमीच होते.

काकू एका बोटाने काहीतरी टाइप करत होत्या. पडद्यावर एकेक अक्षर उमटत उत्तर आलं, आई, जेवलीस का? असे प्रोग्राम असायचे तेव्हा, ठरलेली उत्तरं देणारे. मी मनावर घेतलं नाही.

जुनी पिन काढून माझी लावली. यंत्र नव्याने सुरू झालं आणि पडदा कोरा करकरीत. बरोबरच आहे, वीज तुटली की या यंत्रांची आठवण पुसली जाते. तेवढ्यात शेजारच्या खोलीत कुणीतरी खोल श्वास घेतला, पाण्यातून डोकं वर काढल्यावर घेतात तसा.

काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि जुनी पिन परत खोचली. भिंतीपलीकडे माणूस कण्हला. पडद्यावर अक्षरं आली, आई, कुठे गेली होतीस?

पुसलेली आठवण अशी परत येत नाही. तीस वर्षं हेच काम करते आहे मी.

६ तारीख, गुरुवार

काकू बाजारात गेल्या तेव्हा धाकट्याच्या खोलीत गेले. तिथे बॅटरी नाही.

पलंगावर तो आहे. वय पन्नाशीच्या अलीकडचं असावं, दिसतो ऐंशीचा. दोन्ही मनगटांना तांब्याची तार गुंडाळलेली, कातडीत रुतलेली. त्या दोन तारा भिंतीतल्या भोकात जातात. मी मीटर लावला. वीज त्याच्यातूनच येते आहे. आणि कालच्यापेक्षा कमी झाली आहे.

पूर्वी आई फक्त लाइट गेली की असं करायची, म्हणाला. ठोकळा जळल्यापासून चोवीस तास.

मी तारेला हात घातला तर तो म्हणाला, "राहू द्या. दादाला अंधाराची भीती वाटते."

मला इतका राग आला की रडू फुटलं. त्याचा नाही, त्याच्या आईचाही नाही. मी भावाच्या शिक्षणापायी माझं कॉलेज सोडलं, पुढे त्याची मुलं वाढवली, आणि कुणी कीव केली की मी हेच म्हणायचे. राहू द्या.

त्याला सांगितलं की तुम्हाला इथून बाहेर काढणार. नाहीतर चार दिवसांत हा माणूस संपेल.

भावाला फोन केला. म्हटलं, उद्या सकाळी गाडी घेऊन ये, एक आजारी माणूस आहे. तो म्हणाला, उद्या पाहुणे आहेत. काकू सांगतील ते कर आणि तमाशा करू नकोस. मागून भावजय विचारत होती की ताईंची खोली मुलाला दिली तर चालेल ना. माझी खोली! इस्त्रीच्या फळीला खोली म्हणते ती.

७ तारीख, शुक्रवार

काकू आज मला सोडून हलल्याच नाहीत. धाकट्याने डोळे उघडले नाहीत.

त्यांनी मला विचारलं, जेवण जातं ना नीट? झोप? छातीचं काही दुखणं नाही ना? साखर विचारली होती त्याच मायेने.

दुपारी पेटी उचलून फाटकापर्यंत गेले होते. चढाच्या पायथ्याशी बस उभी दिसत होती. कुणी अडवलं नसतं. परत आले.

उद्या काकू अंघोळीला गेल्या की एक तार काढायची, मग दुसरी. डावा हात खिशात. एवढंच तर आहे.

८ तारीख, शनिवार

नियम मोडला.

उजव्या मनगटाची तार सुटली. एका हाताने, नीट. ती हातातच होती आणि तो पलंगावरून घसरायला लागला — डोकं थेट फरशीकडे. मी खिशातला हात काढला. माणूस पडत असताना कोण खिशात हात ठेवतं —

तार उजव्या हातात, डाव्या हातात तो. छातीतून काहीतरी गेलं. पडले तेव्हा शुद्ध होती, पण बोट हलत नव्हतं. काकू आल्या. ओल्या केसांनी. घाई नाही, काही नाही. त्याची तार सोडवून मला बांधली, लेकीच्या हातात बांगड्या भराव्यात तशी.

तो उठून बसला. पाणी प्यायला. मला म्हणाला, मी कुणालातरी घेऊन येतो. काकूंना विचारलं, जाऊ का? त्या जा म्हणाल्या.

तो येईल.

९ तारीख, रविवार

एक तार डाव्या मनगटाला, एक उजव्या दंडाला. बोटं हलतात म्हणून लिहिते. उठता येत नाही — पायांत जोर नाही. वही काल काकूंनीच दिली. लिहा, म्हणाल्या, वेळ जाईल.

फोन वाजला. भावाचा. काकूंनी घेतला — हो, छान रुळल्या आहेत, म्हणाल्या. मग माझ्या अंगावर शाल घातली. मी विचारलं, मीच का?

"तुमचा भाऊ म्हणाला होता, तिला फक्त काम सांगा. ती नाही म्हणत नाही."

पुढच्या खोलीतून कीबोर्डचा आवाज — थोरल्याने काय लिहिलं ते काकूंनी मला वाचून दाखवलं. आता उजेड चांगला आहे. धाकट्यापेक्षा कितीतरी चांगला.

आणि मला — लिहायला लाज वाटते — बरं वाटलं. इतक्या वर्षांत कुणीतरी म्हणालं —

१० तारीख, सोमवार

हात गार. अक्षर वाकडं —

तो आलाय. दारात. एकटाच. दाढी केली आहे. गाल भरलेत —

म्हटलं, ये. सोपं आहे. एका हाताने दंडाची तार ओढ — दुसरा खिशात —

काकूंनी हाक मारली, चहा ठेवलाय, साखर किती —

तो माझ्याकडे बघतोय. ऐकतोय सगळं. जागचा हलत नाही — उभा आहे नुसता, दोन्ही हात खिशात घा