लोकरीतला बर्फ

१९ जानेवारी

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण बाबांइतका नाही. तुझे भाचे रोज एकमेकांच्या झिंज्या उपटतात, म्हणजे तब्येती उत्तम. कचेरीत दिवसभर बसून तुझी पाठ धरते म्हणाली होतीस, खुर्चीला उशी घेतलीस का?

फोन का नाही केला, असं वाटेल तुला. फोनवर तू "अगं जाऊ दे ताई" म्हणतेस आणि मीही लगेच जाऊ देते. म्हणून लिहायला बसले.

तुझी चौथी ब यंदा पाचवीत माझ्याकडे आली आहे. गेल्या आठवड्यात उष्णता आणि ऊर्जेचा धडा काढला. उष्णता गरम वस्तूकडून गार वस्तूकडे जाते म्हणून फळ्यावर बाण काढले. सतरा वर्षं तेच बाण काढते आहे. मग विचारलं, स्वेटर घातला की ऊब का वाटते? अर्धा वर्ग ओरडला, "स्वेटर गरमी तयार करतो!" मी म्हटलं, छे, तो काही तयार करत नाही, नुसती उष्णतेची वाट अडवतो. आपली आत ठेवतो आणि बाहेरची बाहेर. तर तुझी ती दोन वेण्यांची वकिलीण उभी राहिली.

"नाही बाई. आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. छोट्या बाईंनी स्वेटरमध्ये गुंडाळलेला बर्फ सगळा वितळला. बशीतला उघडा मात्र उरला होता."

"तो प्रयोग फसला होता."

"छोट्या बाईंचे प्रयोग फसत नाहीत," ती म्हणाली, आणि खाली बसली.

तुला जाऊन दहा महिने झाले, आणि माझ्या वर्गात बसून ही मुलं तुझी बाजू घेतात! मला तुझा राग आला. खरं तर राग हा शब्द मी तोंडदेखला वापरते आहे. मला तुझा हेवा वाटतो, ठमे. अगदी पहिल्या दिवसापासून.

तुझ्यासाठी मुख्याध्यापिकेकडे शब्द मी टाकला, हे मी चारचौघांत मिरवत होते. आणि महिन्याभरात माझ्या वर्गातली मुलं आपल्या दोन वर्गांमधल्या दाराला कान लावून उभी राहायला लागली. पलीकडे तू सगळ्यांना तळहात घासून गालाला लावायला सांगायचीस, एकाच गरम पाण्यात लाकडी आणि स्टीलचा चमचा बुडवून कुठला जास्त तापला ते ओळखायला लावायचीस. अलीकडे मी आणि माझे बाण. एकदा जेवताना धाकटा म्हणाला, "आई, तू मावशीसारखं का नाही गं शिकवत?"

आणि वर तो स्वेटर. आईने माझा उसवून तुला विणलेला. मला आखूड झाला होता, हे खरंच. पण लोकर गुंडाळताना लडी हातांवर धरून मलाच बसवलं होतं तिने, आणि तू समोर बसून "कधी होणार? कधी होणार?" करत होतीस. नेमका तोच तू प्रयोगाला आणलास.

शाळेच्या तपासणीच्या दिवशीचं आता लिहिते. साहेब येणार, पालक येणार, आणि तुला कायम करायचं की नाही तेही त्याच दिवशी ठरणार. तू मधल्या सुट्टीआधी लिंबाएवढे दोन बर्फाचे खडे मांडलेस. एक बशीत उघडा, एक वाटीत घालून स्वेटरमध्ये गुंडाळलेला. सुट्टीनंतर सगळ्यांदेखत उघडायचे.

सुट्टीत मी मधल्या दारातून तुझ्या वर्गात गेले. नुसतं बघायला, असं स्वतःला सांगत. स्वेटर उलगडला. बर्फ छान टणक होता. मी तो उचलला आणि दोन्ही मुठींत धरून वाटीवर उभी राहिले. पाणी टपटप वाटीत पडत होतं. बोटं आधी दुखली, मग बधिर झाली. सोडून देता आलं असतं. नाही सोडला, पार संपेपर्यंत. मग वाटी होती तशी गुंडाळून ठेवली.

बाहेर व्हरांड्यात तू भेटलीस. माझे हात धरलेस आणि म्हणालीस, "अगंबाई, किती गार पडलेत! ताई, माझ्यापेक्षा तूच घाबरलीस की." आणि साहेब फाटकाशी आले तरी तिथे उभी राहून माझे हात चोळत बसलीस.

पुढचं तुला ठाऊक आहे. मुलं "आम्ही म्हटलंच होतं, स्वेटर गरमी देतो!" म्हणून नाचली, साहेब हसले, आणि तू "मला शिकवताच येत नाही" म्हणून निकालाचीही वाट न बघता निघून गेलीस. मी तुझी बॅग भरायला मदत केली.

काल मी तोच प्रयोग पुन्हा केला. तो स्वेटर अजून वर्गाच्या कपाटातच होता. बर्फ जवळजवळ जसाच्या तसा निघाला. तर वकिलीण म्हणते, "बाई, तुम्ही मागून नवा ठेवलात." सगळ्या वर्गाने मान डोलावली. तेव्हा मला कळलं की आता बाणांनी भागायचं नाही. मी त्यांना खरं काय झालं ते सांगितलं.

वकिलीण हळूच म्हणाली, "म्हणजे तुमच्या हातांतली उष्णता बर्फात गेली. म्हणून हात गार पडले."

"बरोबर."

सतरा वर्षांत हा धडा इतका चोख कुणाला समजला नव्हता. आणि तोही तुझ्याच प्रयोगाने, याचंसुद्धा मला वाईट वाटलं, बघ.

"छोट्या बाईंना सांगितलंत?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. "मग सांगा की!"

मुख्याध्यापिकेला शाळा सुटल्यावर सांगितलं. माझं काय करायचं ते त्या ठरवतील. जूनमध्ये चौथीला जागा आहे आणि अर्ज तुझ्याकडून आला तर त्यांना हवा आहे. आलीस तर मुलं पुन्हा त्या दाराला कान लावतील आणि मी पुन्हा जळेन, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तरीही ये. तुला शिकवता येतं, ठमे. त्या दिवशी वाटीत जे पाणी होतं, ते माझं होतं.

स्वेटर धुऊन सोबत पाठवते आहे. तुझाच आहे तो.

तू चोळून ऊब दिलीस त्याच हातांनी हे लिहिलं आहे. खाली ताई लिहू का, ते तू कळव. तोवर जागा कोरी ठेवते.