रुमालाआडचं उत्तर

मिस्त्री, तुमची हातोडी अजून माझ्या टेबलावर आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण तिच्याबद्दल विचारतो आणि मी प्रत्येकाला तीच गोष्ट सांगतो. सातपूरच्या एका कारखान्यात चेकिंगचे मिस्त्री होते, पंपाची ओतीव बिडाची बॉडी आली की ते प्रत्येक नग हातोडीने वाजवून बघायचे. खणखणीत वाजला तर पास, बद्द वाजला तर आत तडा आहे, नग बाजूला. बायका माठ घेताना बोटांनी वाजवून घेतात, तसंच. ते माझे गुरू. इथे समोरचा मान डोलावतो आणि मी चहा मागवतो. गोष्ट मी रंगवून सांगतो, माझा निम्मा धंदा त्या गोष्टीवर उभा आहे म्हणा ना. पण सांगतो अर्धीच. उरलेली अर्धी फक्त तुम्हाला माहीत होती, आणि तुम्हालाही पुरती नव्हती.

पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराला मी सायखेड्याहून आलो, तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, लग्न झालेलं. तुम्ही मला घेतलंत ते माझ्या कानांसाठी. पाठमोरं उभं करून दहा नग वाजवलेत. मी म्हणालो, "चौथा आन् नववा, मिस्त्री. चौथा लय खराब हाय." तुम्ही हसला नाहीत, हातोडी माझ्या हातात दिलीत. पंच मात्र कधी दिला नाहीत. पास झालेल्या नगावर ठोकायचा तो सातचा आकडा उमटवणारा पोलादी पंच तुमच्या खिशाला दोरीने बांधलेला असे, जेवताना, लघवीला जाताना सुद्धा. "हातोडी कुणाचीही चालेल," तुम्ही म्हणायचात, "पंच म्हणजे सही."

मग तुमचे कान गेले. तीस वर्षं कारखान्यांच्या खडखडाटात काढल्यावर जायचेच. इतर कुणाला कळायच्या आधी तुम्ही मला पाण्याच्या टाकीमागे नेऊन सांगितलंत. निवृत्तीला दोन वर्षं होती, धाकटीचं लग्न व्हायचं होतं. "आयुष्यात हे एकच खोटं बोलतोय, तेही तुझ्या भरवशावर. तू ऐक, नग चांगला असेल तर मान हलव. मी पंच मारतो." त्या दिवसापासून तुम्ही नगाकडे बघणं सोडून माझ्या तोंडाकडे बघायला लागलात. ओठांवरून शब्द वाचायलाही शिकलात. हसत हसत सांगतो मिस्त्री, मला त्याची मजा वाटायची. मी तुमच्या पाठीमागे उभा राहून मोठ्याने म्हणायचो, "मिस्त्री, तुमच्या घराला आग लागली!" तुम्ही वळून, आमचे चेहरे बघून म्हणायचात, "हो हो, माझाही अर्धा कप चहा सांगा." सगळी शॉप हसायची. तुम्हीही हसायचात, कशावर ते न कळता. लेथवाल्याने एकदा विचारलं, "काय रे, म्हाताऱ्याला ऐकू येत नाय का?" मी म्हणालो, "येतं की. मनावर घेत नाय." म्हणजे तुमचं गुपित मी राखलंही, आणि त्याचा तमाशाही केला.

मग तो सोमवार आला. तुम्ही दवाखान्यात गेला होतात. मी चाळीस नगांवर खडूने बरोबरची खूण केली आणि उन्हात विडी ओढत बसलो. तुम्ही आलात, वाकून बघितलंत. वाजवलेल्या बिडावर गंजामध्ये हातोडीचा एक चकचकीत ठिपका पडतो. चाळीसही नगांवर ठिपका नव्हता. जेवणाची सुट्टी झाली होती, सगळे डबे उघडून बसले होते. त्यांच्यासमोर तुम्ही ते चाळीसही नग मला एकेक करून वाजवायला लावलेत. मी पुटपुटलो, "कुणी बघत तर नव्हतं ना, मग?" ते तुम्ही ओठांवरून वाचलंत. "बघणारं कुणी नव्हतं, पण ऐकणारा होता की. तू." माझी भाकरी वाळून गेली. लेथवाला हसत होता. माझ्या कानांवर पोट भरणारा माणूस मला कानांचा धडा देतो, हे माझ्या डोक्यात असं बसलं की आज इतक्या वर्षांनीही त्याची धग जात नाही.

गुरुवारी नवा माल आला. सकाळचे दहा-साडेदहा असतील. मी नग उचलतो, वाजवतो, मान हलवतो, तुम्ही पंच मारता. ठण, ठक. ठण, ठक. मग एक नग बद्द वाजतो. फुटक्या माठासारखा. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघताय. किती विश्वासाने बघताय ते मला दिसतंय. मी मान हलवतो. तुम्ही पंच मारता. बस, एवढंच. कुणी बघत नव्हतं.

तीन आठवड्यांनी तो नग गोणपाटात गुंडाळून परत आला. गिऱ्हाइकाकडे पाण्याचं प्रेशर देताना फुटला होता, तिथल्या फिटरचा डोळा गेला होता. फुटलेल्या तुकड्यावर तुमचा सात स्वच्छ वाचता येत होता. साहेबांनी तुम्हाला शॉपच्या मधोमध उभं केलं, भिंतीकडे तोंड करून, आणि तुमच्या पाठीमागे दोन नग वाजवले. "फुटका कुठला? पहिला की दुसरा?" तुम्ही भिंतीकडे बघत उभे. साहेबांनी पुन्हा वाजवले. पुन्हा वाजवले. पाचव्या वेळेला कुणीतरी फिस्सकन हसलं. मग त्यांनी तुम्हाला वळवलं आणि मला विचारलं, "हा बहिरा आहे, तुला माहीत होतं?"

"नाय साहेब."

तुम्ही माझ्या ओठांकडेच बघत होतात. तुम्ही तेव्हा एक वाक्य बोलला असतात तर माझीही नोकरी गेली असती. तुम्ही दोरी सोडलीत, पंच साहेबांच्या हातावर ठेवलात आणि म्हणालात, "पंच माझा होता, साहेब."

गेटवर मी तुमचा डबा आणून दिला. तुम्ही पिशवीतून हातोडी काढून मला दिलीत. मग विचारलंत, "एकच सांग. त्या नगाचा आवाज तुला आला नव्हता, की आला होता? चुकला असशील तर माझं काही म्हणणं नाही." मी खिशातून रुमाल काढला, घाम पुसायच्या निमित्ताने तोंडावर धरला, आणि रुमालाआड उत्तर दिलं. तुम्ही "काय?" म्हणालात. मी सायकलवर टांग मारली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सातचा पंच मला दिला. सहा वर्षांनी मी स्वतःच्या कारखान्याचं शेड घेतलं.

तुम्ही गेल्याचं कळल्यावर तुमच्या कॉलनीत आलो होतो. बुद्धाच्या तसबिरीखाली तुमचा फोटो होता, टाय लावलेला, ओळखू न येणारा. काकूंनी पाणी दिलं आणि टेकायच्या आत विचारलं, "दादा, गेटवर तुम्ही काय बोलला होतात? शेवटपर्यंत आरशासमोर रुमाल धरून बसायचे. म्हणायचे, जबडा असा हलला होता, म्हणजे 'नव्हता' म्हणाला असेल. पोरगा खोटं नाही वाजवणार." मी म्हणालो, "तेच म्हणालो होतो, काकू. नव्हता आला आवाज." काकू रडल्या. सुटल्यासारख्या रडल्या. मला दारापर्यंत सोडायला आल्या.

तेव्हापासून मी स्वतःची एक समजूत घालत आलोय. जगाला काहीही सांगितलं असेल, पण रुमालाआड मी तुम्हाला खरं बोललो होतो, 'आला होता' म्हणालो होतो, ऐकू आलं नाही तो तुमच्या कानांचा दोष. या समजुतीवर मला झोपही चांगली लागते. आज हे लिहायला बसलो ते तेच एकदा कागदावर ठेवावं म्हणून. इथवर लिहिलं आणि हातोडी उचलून हातात घेतली.

हा कागद तुमच्याकडे पोचायचा नाही, आणि दुसऱ्या कुणाला मी तो दाखवणार नाही. तेव्हा लिहून टाकतो. माझे कान अजून तीक्ष्ण आहेत, मिस्त्री. त्या दुपारचं गेटवरचं सगळं मला आठवतं. भोंगा, तुमच्या डब्याचा खडखडाट, तुमचं ते "काय?" त्यात माझा आवाज कुठेच नाही. रुमालाआड मी काहीच बोललो नव्हतो. नुसता जबडा हलवला होता.